मोठ्या होत जाणाऱ्या स्वमग्न मुलाचे घर

स्वमग्न मूल चार वर्षांचे असते तेव्हा त्याच्यासाठी घर सुरक्षित करणे तुलनेने सोपे असते. दाराची वरची कडी लावली, औषधे उंच फळीवर ठेवली आणि रस्त्यावर हात घट्ट धरला की बरेचसे काम भागते. तेच मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की वरची कडी त्याच्या हाताला लागते, फळी टप्प्यात येते आणि आईचा हात झटकून टाकण्याइतकी ताकद अंगात आलेली असते. उंची वाढते, ताकद वाढते, बघून शिकण्याची क्षमता वाढते; धोक्याची जाण मात्र त्याच वेगाने वाढते असे नाही. लहानपणी केलेल्या सोयी अशा वेळी एकेक करून निकामी होतात, आणि बहुतेक घरांत हे लक्षात येते ते काहीतरी घडून गेल्यावरच.

स्वमग्नता प्रत्येकात वेगळी दिसते. एखादे मूल दहावीची परीक्षा देते, एखादे एक शब्दही बोलत नाही. त्यामुळे पुढे सांगितलेल्या सगळ्याच सोयी प्रत्येक घराला लागतील असे नाही. तरी काही गोष्टी बऱ्याच मुलांत आढळतात. आवाज, उजेड, स्पर्श, वास यांची जाणीव काहींना फार तीव्र होते, तर काहींना फार मंद. कुकरची शिट्टी ज्याला असह्य होते, त्याच मुलाला हात भाजल्याचे लवकर कळत नाही, असेही घडते. 2013 पासून स्वमग्नतेच्या निदानाच्या अमेरिकी निकषांत या संवेदनांच्या वेगळेपणाचाही समावेश झाला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे एखाद्या वस्तूची जबरदस्त ओढ: पाणी, चाक, फिरणारा पंखा, लिफ्टचे बटण. आणि तिसरी म्हणजे दुखते, भूक लागली आहे, भीती वाटते हे शब्दांत सांगता न येणे. घरात घडणाऱ्या अपघातांच्या मुळाशी बहुतेक वेळा या तिन्हींपैकी काहीतरी असते.

म्हणून सुतार बोलावण्याआधी एक वही आणावी. पंधरा दिवस रोज चार ओळी लिहाव्यात: काय घडले, त्याच्या लगेच आधी काय चालले होते, आणि नंतर मुलाला काय मिळाले. समजा, एक मुलगा रोज संध्याकाळी बाथरूममध्ये शिरून नळ पूर्ण सोडतो आणि पाणी बाहेरच्या खोलीपर्यंत येते. घरातले नळाला कुलूप लावण्याचा विचार करतात. वहीत मात्र दिसते की हे नेमके शेजारच्या क्लासची मुले जिन्यात गोंगाट करतात तेव्हाच होते. पाण्याचा आवाज त्याला तो गोंगाट झाकायला हवा असतो. अशा वेळी कुलपापेक्षा कानावर लावायचे आवाज रोखणारे हेडफोन जास्त उपयोगी पडतात. एखादी कृती लक्ष वेधण्यासाठी, एखादे काम टाळण्यासाठी, हवी ती वस्तू मिळवण्यासाठी किंवा अंगाला हवी असलेली संवेदना मिळवण्यासाठी होते. यांतले कोणते कारण आहे हे कळल्याशिवाय केलेला बंदोबस्त मूल दोन दिवसांत मोडून काढते, कारण त्याची गरज तशीच राहिलेली असते.

सगळ्यांत मोठा धोका घराच्या मुख्य दाराशी असतो. स्वमग्न मुले न सांगता घराबाहेर निघून जातात, आणि हे अपवादाने घडत नाही. अमेरिकेत 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत जवळपास निम्म्या कुटुंबांनी सांगितले की चार वर्षांच्या वयानंतर मुलाने निदान एकदा तरी असे निघून जाण्याचा प्रयत्न केला होता. या जाण्याला ‘पळून जाणे’ म्हणणे बरोबर नाही. मूल बहुधा कुठल्यातरी ठिकाणी, कुठल्यातरी वस्तूकडे निघालेले असते किंवा नको असलेल्या आवाजापासून, गर्दीपासून दूर चाललेले असते. आणि त्याला सर्वांत जास्त ओढ असते ती पाण्याची. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये अमेरिकेतल्या मृत्यूंच्या नोंदी तपासून दाखवले की स्वमग्न मुलांमध्ये बुडून मरण येण्याचे प्रमाण इतर मुलांच्या सुमारे 160 पट आहे. हा आकडा वाचल्यावर घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत कुठे कुठे पाणी आहे याची यादी करणे हे पहिले काम ठरते. शहरात सोसायटीची जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, जलतरण तलाव, बांधकामासाठी खणलेला खड्डा. गावात विहीर, शेततळे, कालवा, ओढा. टाकीच्या झाकणाला कुलूप असावे आणि विहिरीवर लोखंडी जाळी बसवलेली असावी. मूल हरवले तर शोध सुरू करायचा तो या यादीतल्या पाण्यापासून, बसस्टँडपासून नव्हे. पोहायला शिकवणे हाही बंदोबस्तच आहे. मात्र रोजचे कपडे आणि चप्पल घालूनही पोहण्याचा सराव द्यावा, कारण मूल पाण्यात उतरेल ते पोहण्याच्या पोशाखात नसेल. आणि पोहता आले म्हणून लक्ष ठेवणे सोडता येत नाही.

दाराला काय करावे? मोठे मूल कडी, लॅच, साखळी हे सगळे पाहून शिकते. बाबा बाहेर जाताना कुठले बटण दाबतात, किल्ली कुठल्या खुंटीला अडकवतात, हे ते आठवडाभरात टिपते. किल्लीचे कुलूप किंवा आकड्यांचे कुलूप बसवले तरी आकडे त्याच्यासमोर दाबू नयेत. पण कुलपाकडून फार मोठी अपेक्षा ठेवू नये. कुलूप फक्त वेळ मिळवून देते. आतला माणूस जागा होऊन दारापर्यंत पोचेल एवढा वेळ. खरा उपयोग दार उघडल्याचे कळण्याचा आहे. दाराच्या चौकटीवर चिकटवायचे छोटे चुंबकी अलार्म बाजारात सहज मिळतात, दोन तुकडे वेगळे झाले की वाजतात. गावातल्या घरात दाराला बांधलेला घुंगरांचा जुडगाही तेच काम करतो. ज्या मुलाला कर्कश अलार्मचा त्रास होतो, त्याच्या घरात तो मोठ्यांच्या खोलीत वाजेल असा निवडावा.

दार उघडे राहण्याचे दिवस ठरलेले असतात. गणपतीत आरतीला माणसे येत-जात असतात, दिवाळीत फराळाचे डबे घेऊन शेजारी येतात, घरात लग्न असते. घर माणसांनी भरलेले असताना ‘कुणीतरी बघत असेल’ असे सगळ्यांनाच वाटते, आणि त्याच वेळी मूल गोंगाटाला कंटाळलेले असते. अशा दिवशी मुलाची जबाबदारी नाव घेऊन एका माणसाकडे द्यावी, आणि तासाभराने ती दुसऱ्याकडे सोपवताना तेही बोलून सोपवावे: “आता तुझ्याकडे.”

शेजारी, वॉचमन, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, रिक्षा स्टँडवरचे चालक यांना मूल ओळखीचे करून देणे अनेक पालकांना जड जाते. लोक काय म्हणतील हा विचार आड येतो. तो बाजूला ठेवून एका कागदावर मुलाचा अलीकडचा फोटो, दोन फोन नंबर आणि तीन-चार वाक्ये लिहून द्यावीत: हाक मारली तर वळेलच असे नाही, अंगाला हात लावू नका, समोर जाऊन हळू बोला, पाण्याकडे जात असेल तर अडवा, लगेच फोन करा. मुलाच्या अंगावरही ओळख असावी. गळ्यातले ओळखपत्र अनेक मुले ओढून काढतात. त्यापेक्षा शर्टाच्या आत शिवलेली पट्टी किंवा मनगटावरचे कडे टिकते. जीपीएसचे छोटे उपकरण घेतले तर ते रोज चार्ज करण्याचे काम कुणाचे, हेही ठरवावे. मूल हरवले तर 112 वर फोन करावा. 18 वर्षांखालच्या मुलांसाठी 1098 ही मदतवाहिनी आहे. ‘24 तास वाट बघा’ असे कुणी सांगितले तर ऐकू नये. हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर लगेच गुन्हा नोंदवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा आदेश आहे.

खिडक्यांना आपल्याकडे ग्रिल असतात, त्यामुळे पडण्याची भीती कमी असते. मोकळा सज्जा आणि गच्चीचे दार मात्र विसरले जाते. सज्जात ठेवलेली खुर्ची, कुंडी, जुना कुलर यांवर चढून कठडा ओलांडता येतो, म्हणून सज्जा रिकामा असावा किंवा जाळीने बंद करावा. काचेचा प्रश्न वेगळा आहे. चिडलेल्या मोठ्या मुलाची मूठ खिडकीची साधी काच फोडते आणि मनगटाची शीर कापली जाते. साध्या काचेऐवजी टफन्ड काच बसवली तर ती फुटल्यावर बोथट बारीक तुकडे होतात. पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा तर सहसा फुटतच नाही. दोन्ही परवडत नसेल तर काचेवर चिकटवायची जाड फिल्म लावावी, तुकडे जागच्या जागी राहतात. आरसे, शोकेसची दारे आणि काचेचे टीपॉय यांनाही हेच लागू.

स्वयंपाकघर हे या वयात बंद करून ठेवण्याचे ठिकाण राहत नाही. मुलाला स्वतः पाणी घेता यावे, पोळी वाढून घेता यावी, जमल्यास चहा करता यावा, हे शिकवण्याचे हेच वय. म्हणून स्वयंपाकघराला कुलूप लावण्यापेक्षा त्यातल्या चार-पाच गोष्टी बंदिस्त कराव्यात. काम झाले की रेग्युलेटर बंद करण्याची सवय घरातल्या सगळ्यांना लागली पाहिजे. पाइपने गॅस येत असेल तर ओट्याजवळचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा. गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवताना एक गोष्ट बहुतेक जण चुकतात. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो, म्हणून यंत्र जमिनीजवळ हवे. पाइपमधला गॅस हवेपेक्षा हलका असतो, त्यासाठी ते छताजवळ हवे. मूल ज्या शेगडीवर शिकणार असेल ती इंडक्शनची असेल तर ज्योतीचा धोका जातो; तिची बटणे कुलूपबंद करण्याची सोयही असते. विळी, सुऱ्या, मिक्सरची पाती आणि लायटर एका कुलूपबंद ड्रॉवरमध्ये ठेवावेत. विजेच्या मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यावे. अंगातून वीज वाहू लागली की तो क्षणार्धात प्रवाह तोडतो.

खाण्याजोग्या नसलेल्या वस्तू तोंडात घालण्याची सवय काही मुलांची मोठेपणीही जात नाही. माती, कागद, भिंतीचा पोपडा, साबण, केस. आपल्या घरांत यातला सगळ्यांत दुर्लक्षित धोका देवघरात असतो. कापराच्या वड्या पांढऱ्या, चौकोनी, खडीसाखरेसारख्या दिसतात आणि निरांजनाशेजारी उघड्या वाटीत ठेवलेल्या असतात. कापूर पोटात गेला तर थोड्याच वेळात फिट येऊ शकते. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, उंदरांसाठी आणलेले औषध, रॉकेल किंवा फिनेल भरलेली पाण्याची बाटली, टॉयलेट साफ करायचे ॲसिड, डास पळवणाऱ्या यंत्रातली बाटली, रिमोटमधले बटणासारखे सेल: हे सगळे कुलपात जायला हवे. बाटली बदलून ठेवण्याची सवय तर पूर्ण सोडावी. जे मूल बाटलीच्या आकारावरून ‘पाणी’ ओळखते, त्याला लेबल बदलल्याने काही कळत नाही. बटणाचा सेल गिळला असेल तर लक्षणांची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावे, अन्ननलिका काही तासांत जळते. फिट्सची आणि वर्तनासाठी दिलेली औषधे आई-वडिलांच्या मधुमेहाच्या गोळ्यांसह एकाच कुलपात ठेवावीत. तोंडात काहीतरी चावण्याची गरज असेल तर त्यासाठी मिळणारी रबरी चघळणी, काकडी-गाजराचे तुकडे, भाजलेले चणे यांतून ती भागवता येते का, हे पाहावे. या मुलांमध्ये लोहाची कमतरता असते का, याची रक्ततपासणीही करून घ्यावी.

बाथरूममध्ये दोन प्रश्न एकमेकांच्या विरोधात उभे राहतात. वयात आलेल्या मुलाला खासगीपणा हवा, दार लावायला शिकवायला हवे. पण आतून कडी लावलेल्या बाथरूममध्ये काही झाले तर दार फोडावे लागते. स्वमग्न व्यक्तींमध्ये अपस्माराचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असते, आणि अनेकांना पहिली फिट किशोरवयातच येते. यावर उपाय म्हणजे आतून बंद होणारे पण बाहेरून नाण्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने उघडणारे लॅच. आतली जुनी कडी काढून टाकावी. फिट्स येणाऱ्या मुलाने टबमध्ये किंवा भरलेल्या मोठ्या पिंपाशेजारी एकट्याने आंघोळ करू नये. गीझरचे तापमान 50 अंशांच्या आत ठेवावे. 60 अंशांचे पाणी साधारण पाच सेकंदांत कातडी खोलवर भाजते, आणि ज्याला गरम लागल्याचे उशिरा कळते तो तेवढा वेळ नळाखाली उभा राहतो. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, हा क्रम चित्रांनी भिंतीवर लावला तर बहुतेक मुले तो काटेकोरपणे पाळतात. क्रमाची आवड इथे कामी येते.

दुखणे सांगता न येणाऱ्या मुलाच्या अंगावर रोज एकदा नजर फिरवणेही सुरक्षिततेतच मोडते. तळपायात काच गेलेली, नखुरडे झालेले, दाढ किडलेली दोन-तीन आठवडे कळत नाही. शांत मूल अचानक डोके आपटू लागले तर आधी दात, कान आणि पोट तपासावे, मग वर्तनाचा विचार करावा.

ताण असह्य झाला की मूल ओरडते, वस्तू फेकते, स्वतःला किंवा दुसऱ्याला मारते. याला मेल्टडाउन म्हणतात. तो हट्ट नसतो, मुलाच्या ताब्यातही नसतो. साठ किलोच्या मुलाचा मेल्टडाउन वयस्कर आईला एकटीने आवरता येत नाही, आणि तिने तसा प्रयत्न करूही नये. कपाटे, फ्रीज, टीव्ही भिंतीला कोन लावून पक्के करावेत. जड शोभेच्या वस्तू हाताशी ठेवू नयेत. घरातला एक कोपरा शांत ठेवावा: मंद उजेड, गादी, जाड गोधडी, आवडती वस्तू. तिथे जाणे ही शिक्षा कधीही होऊ देऊ नये, नाहीतर मूल तिकडे फिरकणार नाही. मेल्टडाउनच्या वेळी बोलणे कमी करावे, प्रश्न विचारू नयेत, गर्दी हटवावी, भावंडांनी कुठल्या खोलीत जाऊन आतून कडी लावायची हे आधीच ठरलेले असावे. मुलाला पालथे पाडून पाठीवर बसणे किंवा छाती दाबून धरणे जिवावर बेतू शकते. हे घरात येणाऱ्या प्रत्येक मदतनिसाला स्पष्ट सांगावे. स्वतःच्या डोक्यावर मारून घेणाऱ्या मुलासाठी मऊ हेल्मेट मिळते, पण ते वापरायचे की नाही हे डॉक्टर आणि थेरपिस्ट यांच्याशी बोलून ठरवावे.

अनेक स्वमग्न मुले रात्री दोन-तीन वाजता जागी होतात आणि घर झोपलेले असते. त्या वेळी ती जागी असणे टाळता आले नाही, तरी त्यांच्या खोलीत काय असावे हे ठरवता येते. खोलीत विजेची सैल वायर नसावी, कपाट भिंतीला पक्के असावे, दाराला अलार्म असावा, आणि करण्यासारखे काहीतरी असावे. मुलाला खोलीत बाहेरून कोंडून झोपणे हा उपाय काही घरांत नाइलाजाने केला जातो. तो धोक्याचा आहे, मुख्यतः आगीमुळे.

आणि आगीपाशी आतापर्यंतच्या सगळ्या कुलपांचा प्रश्न उभा राहतो. बाहेर जाऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त आगीच्या वेळी बाहेर पडू देत नाही. म्हणून मुख्य दाराची किल्ली प्रत्येक मोठ्या माणसाकडे आणि एक विश्वासू शेजाऱ्याकडे असावी. निदान एका खिडकीच्या ग्रिलला उघडणारा झडपा असावा, आणि त्याची किल्ली कुठे आहे हे सगळ्यांना अंधारातही माहीत असावे. धूर दिसल्यावर स्वमग्न मूल पलंगाखाली लपते किंवा बाहेर काढल्यावर पुन्हा आपल्या वस्तूंसाठी आत धावते. त्यामुळे सराव हवा: महिन्यातून एकदा, ठरलेल्या खुणेवर, सगळ्यांनी जिन्याने उतरून सोसायटीच्या फाटकापाशी उभे राहायचे, आणि तिथे मुलाला त्याची आवडती गोष्ट मिळायची. लिफ्टवेड्या मुलासाठी जिन्याचा सराव विशेष गरजेचा आहे.

हातात मोबाइल आल्यावर घराचे दार मोबाइलमध्येही उघडते. यूपीआयचा पिन मुलासमोर टाकला की तोही कुलपाच्या आकड्यांसारखाच पाठ होतो. अनोळखी माणसाशी ऑनलाइन गप्पा, फोटो पाठवणे यांचे नियम चित्रांसह, नेमक्या शब्दांत द्यावे लागतात. ‘सांभाळून वाग’ या वाक्याला अशा मुलाच्या लेखी काही अर्थ नसतो. शरीराचे कोणते भाग खासगी, कपडे कुठे बदलायचे, कुणी हात लावला तर कुणाला सांगायचे, हेही तितक्याच स्पष्टपणे शिकवावे. बोलू न शकणाऱ्या मुलाच्या चित्रफलकावर ‘नको’ आणि ‘दुखले’ ही चित्रे आणि शरीराच्या सर्व अवयवांची नावे असलीच पाहिजेत, नाहीतर झालेला अत्याचार सांगायला त्याच्याकडे शब्दच नसतात.

या सगळ्यासाठी खर्च येतो आणि माणसे लागतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या 21 दिव्यांगत्वांमध्ये स्वमग्नता आहे. सरकारी योजनांसाठी यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे. 1999 च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंत खर्च देते आणि त्यात थेरपीचाही समावेश आहे. मूल 18 वर्षांचे झाले की आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. गरज असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो, आणि त्याची तयारी सतराव्या वर्षीच सुरू केलेली बरी.

दर सहा महिन्यांनी, मुलाची उंची भिंतीवर पेन्सिलने नोंदवताना, घरातून एक चक्कर मारावी: आता त्याचा हात कुठे पोचतो, कुठले कुलूप त्याला उघडता येते, आणि कुठल्या कुलपाची आता गरज उरली नाही. हा शेवटचा प्रश्न सहसा विचारला जात नाही. चहा करून झाल्यावर जे मूल न चुकता रेग्युलेटर बंद करते, त्याच्यासाठी ओट्यावरचे कुलूप काढून टाकावे. जे मूल वर्षभर खालच्या दुकानातून दूध आणून परत येते, त्याला दाराची स्वतःची किल्ली द्यावी. ती कुठल्या खिशात ठेवायची, हेही त्याच्या वेळापत्रकात एका चित्राने लावावे.